मनातला हट्ट वहीत उतरवताना

रोज दिवेलागणीला देवापुढे बसणारी, हरिपाठ न चुकवणारी, एकादशी मनापासून करणारी माणसं नातेवाइकाच्या एखाद्या वाक्याने दोन-दोन दिवस कुढत राहतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात पाहिलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढा देव देव करतेस, त्याचा काय उपयोग?" हा टोमणा मला फार अन्यायाचा वाटतो. उपासनेने मन निवतं, हे खरंच आहे. पण निवलेलं मन ज्या कारणाने पुन्हा पेटतं ते कारण शोधणं आणि त्याच्याशी वाद घालणं हे वेगळं काम आहे. ते आपल्याला घरात किंवा शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकता येतं, आणि त्यासाठी एक वही, एक पेन आणि संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमाराला मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आरईबीटी हे नावही चालतं. एलिस मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. रुग्णाला वर्षानुवर्षं बालपणाबद्दल बोलायला लावूनही तो फारसा सुधारत नाही, या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि तत्त्वज्ञानाकडे वळले. एपिक्टेटस हा रोमन काळातला, गुलामीत वाढलेला तत्त्वज्ञ त्यांना जवळचा वाटला. माणसाला त्रास होतो तो घटनेमुळे नाही, घटनेकडे बघण्याच्या त्याच्या दृष्टीमुळे होतो, हे त्याचं सांगणं एलिसनी उपचारात आणलं. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने ती खूप लोकांपर्यंत नेली.

एलिस स्वतः नास्तिक होते. तरीही भाविक माणसाने या पद्धतीला बिचकण्याचं कारण नाही, कारण ती देव आहे की नाही याबद्दल काही बोलतच नाही. ती एवढंच म्हणते की स्वतःच्या मनाला समोर बसवा आणि त्याला जाब विचारा. आपल्याकडे हे नवीन नाही. समर्थ रामदासांच्या २०५ मनाच्या श्लोकांत आणखी काय आहे? आपण आपल्या मनाला समोर घेऊन समजावतो आहोत, कधी गोंजारतो आहोत, कधी दटावतो आहोत. विवेकनिष्ठ वहीत हेच करायचं आहे, फक्त आज सकाळी घडलेल्या एका ठरावीक प्रसंगाबद्दल.

आधी शरीर

राग डोक्यात असताना वही उघडू नका. त्या वेळी लिहिलेलं पान हे समोरच्याविरुद्धचं आरोपपत्र होतं. आधी पाच मिनिटं श्वास.

श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की शरीर आपोआप सावकाश होतं. साधारण चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मोजायचा कंटाळा असेल, तर तुमचं रोजचं नाम सोडत्या श्वासावर सावकाश म्हणा. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र या दोन्हींचा जप करताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. 'राम कृष्ण हरी' संथ लयीत म्हटलं की आपल्यालाही हा अनुभव येतो. ज्यांना दमा किंवा फुप्फुसाचा आजार आहे त्यांनी श्वास ताणायचा नाही, जमेल तेवढाच सोडायचा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं.

इथे अनेक जण थांबतात आणि म्हणतात, बरं वाटलं, झालं. बरं वाटणं चांगलंच आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येतो, कारण त्याला आपण अजून हात घातलेला नसतो.

पान कसं मांडायचं

एक प्रसंग घेऊन सविस्तर बघू. समजा, गौरी-गणपतीचे दिवस आहेत. दरवर्षी तुमच्या थोरल्या जाऊबाई गौरीजेवणाचं आमंत्रण तुम्हाला फोन करून देतात, आधी चार गोष्टी विचारतात, मग "लवकर ये गं, हाताशी लाग" म्हणतात. यंदा फोन आला नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ आली.

वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने करा. पहिल्यात घटना, तिसऱ्यात परिणाम, मधला रकाना समजूत म्हणून सध्या रिकामा ठेवा.

घटना लिहिताना नव्वद टक्के लोक घसरतात. ते लिहितात, 'जाऊबाईंनी माझा अपमान केला.' ही घटना नाही, हा निकाल आहे. घटना म्हणजे भिंतीवर कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं, ऐकू आलं असतं तेवढंच. 'सायंकाळी साडेसातला ग्रुपवर मेसेज आला, उद्या गौरी जेवायला सगळ्यांनी या. मला वेगळा फोन आला नाही.' बास. अपमान, डावलणं, मुद्दाम करणं यातलं काहीच कॅमेऱ्यात दिसत नाही. नुसतं एवढं नीट लिहिता आलं तरी रागाची धार थोडी उतरते, म्हणून या रकान्यावर वेळ घालवायला माझी अजिबात हरकत नाही.

मग तिसरा रकाना. त्यात भावना, शरीर आणि वागणं, तिन्ही लिहा. 'संताप आला. कानशिलं तापली. कुकर आपटला. लेकाने पाणी मागितलं तर त्याच्यावर खेकसले. उद्या जायचंच नाही असं यांना सांगून टाकलं. रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही.'

आता मधला रकाना, सगळ्यात कष्टाचा. मेसेज वाचून संताप यावा, यामध्ये मनात काय वाक्य येऊन गेलं? ते सहसा इतकं झटकन जातं की आपल्याला मेसेज आणि संताप एकमेकांना चिकटलेलेच वाटतात. थोडं थांबलं की वाक्यं सापडतात:

'इतकी वर्षं सोळा भाज्या निवडायला मी, पुरण वाटायला मी. त्यांनी मला फोन करायलाच हवा होता.'
'मला ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या रांगेत बसवलं, याच्याइतकं वाईट काही नाही.'
'हे मला सहनच होत नाही.'
'बाई आहेच तशी. पोटात एक, ओठात एक.'

एलिसच्या पद्धतीत घातक समजुतींचे जे चार प्रकार मानतात ते चारही इथे ओळीने आले आहेत. पहिला हट्ट: अमुक झालंच पाहिजे, लोकांनी असंच वागलं पाहिजे. दुसरा म्हणजे भयंकर करून बघणं. तिसरा, सहन होत नाही असं स्वतःला बजावत राहणं. चौथा, एका वागण्यावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारणं, मग तो माणूस दुसरा असो वा आपण स्वतः. एलिसचं म्हणणं असं की मूळ हट्टात असतं आणि बाकीचे तीन त्याला फुटतात. म्हणून घाई असेल, तर निदान हट्टाचं वाक्य शोधा आणि त्याखाली रेघ ओढा.

वाद घालणं

रेघ ओढलेलं वाक्य पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवा. 'त्यांनी मला फोन करायलाच हवा होता.' आता त्याला तीन प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं डोक्यात न ठेवता कागदावर द्यायची.

*याला पुरावा काय?* त्यांनी फोन केला असता तर छान झालं असतं, याला पुरावा आहे, मला आवडलं असतं. पण करायलाच हवा होता, असा नियम कुठे आहे? तसा नियम जगात असता तर फोन आलाच असता. आला नाही, म्हणजे तो नियम फक्त माझ्या मनात आहे.

*माझ्या इच्छेवरून हा निष्कर्ष निघतो का?* मला मान हवा आहे, म्हणून तो मिळालाच पाहिजे, हे जुळत नाही. मी पुरण वाटलं ते माझ्या हौसेने किंवा कर्तव्य म्हणून. त्या बदल्यात दरवर्षी फोन, असा करार कुणी केला नव्हता.

*हे धरून ठेवून मला काय मिळतं?* या प्रश्नावर फार भर द्या, बहुतेकांना इथेच उजाडतं. जागरण मिळालं. लेकाचं तोंड उतरलेलं दिसलं. सणाचा दिवस गेला. आणि जाऊबाईंना तर यातलं काही ठाऊकही नाही.

या वादाचा शेवट 'काही हरकत नाही, मला काही वाटत नाही' असा होऊ देऊ नका. ते खोटं आहे, आणि मन खोटं ओळखतं. आपल्याला भावना पुसायची नाही, बदलायची आहे. संतापाच्या जागी नाराजी, चिंतेच्या जागी काळजी, नैराश्याच्या जागी दुःख, अपराधगंडाच्या जागी पश्चात्ताप. या जोड्यांतली दुसरी भावनाही दुखतेच. पण ती माणसाला काहीतरी करू देते, पहिली जखडून ठेवते. नवं वाक्य असं काहीसं होईल: 'त्यांनी वेगळा फोन करावा अशी माझी मनापासून इच्छा होती. त्यांनी केला नाही, मला वाईट वाटलं, आणि वाटणारच. पण त्यांनी माझ्या इच्छेप्रमाणे वागायलाच हवं असं नाही. हे कठीण जातंय, पण मी ते सोसू शकते. एका मेसेजवरून मी त्यांना वाईट ठरवणार नाही, आणि माझं मोलही कमी झालेलं नाही.'

वाक्य तुमच्या बोलीत असू द्या. पुस्तकी भाषेतली वाक्यं रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाहीत. कोल्हापूरकडच्या बाईने 'त्यांनी फोन करायलाच पाहिजे असं कुठं लिवलंय?' असं लिहिलं तर ते कुठल्याही सुभाषितापेक्षा जास्त चालेल.

आणि मग एक कृती. या प्रसंगात ती म्हणजे फोन उचलणं: "ताई, ग्रुपवरचा निरोप वाचला. दरवर्षी तुमचा फोन येतो, यंदा आला नाही तर जरा वाईट वाटलं बघा. उद्या किती वाजता येऊ?" कदाचित पलीकडून उत्तर येईल की गुडघा धरलाय, सगळ्यांना एकेक फोन करणं झालं नाही. कदाचित तुटक उत्तर येईल. दोन्ही वेळा तुम्ही जे करायचं ते केलेलं असेल. समोरचा बदलेल या अटीवर ही पद्धत चालत नाही, म्हणूनच ती भरवशाची आहे.

रागावलो म्हणून स्वतःवर राग

भाविक माणसांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त दिसणारी अडचण इथे आहे. संताप येऊन गेल्यावर दुसरा विचार येतो: 'रोज हरिपाठ म्हणते आणि तरी एवढा राग? मी ढोंगी आहे. माझी उपासना फुकट गेली.' म्हणजे आता दोन त्रास झाले. जाऊबाईंबद्दलचा राग एकीकडे, आणि त्या रागाबद्दलची शरम वेगळीच.

अशा वेळी आधी दुसरा त्रास सोडवायचा, हा या उपचारातला महत्त्वाचा नियम आहे. त्याचं स्वतंत्र पान करा. घटना: मला राग आला. समजूत: उपासना करणाऱ्या माणसाला राग येताच कामा नये. परिणाम: शरम, देवापुढे बसायला नको वाटणं. हट्ट दिसला? मग तेच तीन प्रश्न.

एलिस आयुष्यभर एक गोष्ट सांगत राहिले: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. लेकावर खेकसले हे चुकलं, त्याला जवळ घेऊन तसं सांगते. पण त्यावरून मी वाईट आई ठरत नाही. भाविकाला इथे एक आधार आधीपासून आहे. ज्या देवावर आपली श्रद्धा आहे तो आपली गुणपत्रिका बघून जवळ घेत नाही, असं आपण मानतो. मग आपणच आपल्याला दारात का अडवायचं?

याच्याच जवळची दुसरी गोष्ट म्हणजे 'माझे भोग आहेत, भोगलेच पाहिजेत.' हे वाक्य कधी माणसाला धीर देतं, कधी त्याला हातपाय हलवू देत नाही. तुमच्या बाबतीत ते काय करतंय हे तिसरा प्रश्न विचारून बघा. धीर देत असेल तर राहू द्या. औषध घेण्यापासून, नोकरी बदलण्यापासून किंवा मदत मागण्यापासून अडवत असेल तर त्याच्याशी वाद घालायची वेळ आली आहे.

देवापुढे काय मागायचं

वही लिहून झाली की प्रार्थना करा, आणि प्रार्थनेचा सूर तपासा. 'देवा, मुलाला यंदा कसंही करून प्रवेश मिळूच दे' यात आपला हट्ट आपण देवाच्या गळ्यात घातलेला असतो. प्रवेश नाही मिळाला की मुलावरही राग आणि देवावरही. इच्छा जरूर सांगा, देवापुढे नाही सांगायची तर कुठे? फक्त तिच्यापुढे दुसरं वाक्य जोडा: 'नाही झालं, तर पुढचं पाऊल टाकायचं बळ दे.' 'सगळं देवावर सोडलंय' असं म्हणून झाल्यावरही दर दहा मिनिटांनी मोबाइल बघत असाल, तर अजून सोडलेलं नाही. त्यात गैर काही नाही, फक्त वही पुन्हा उघडायची.

कळतं पण वळत नाही

पंधरा-वीस दिवसांनी ही तक्रार येतेच. वाक्यं पटलेली असतात, पण जाऊबाई समोर आल्या की पोटात ढवळतंच. ते स्वाभाविक आहे. जुनी समजूत हजारो वेळा घोकलेली असते, नवी अजून चार वेळा. यासाठी तीन उपाय आहेत.

पहिला, कल्पनेतला सराव. डोळे मिटून तोच प्रसंग पूर्ण रंगात समोर आणा, संताप खरोखर चढू द्या. मग प्रसंग तसाच ठेवून फक्त भावना बदला, संतापाची नाराजी होईपर्यंत. जमलं की डोळे उघडा आणि ते जमवताना मनात काय म्हणालात ते लिहून काढा. रोज दोन-तीन मिनिटं, महिनाभर. प्रवासात, रांगेत उभं असतानाही करता येतं.

दुसरा, वादाचं पान आपल्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकणं. मिळमिळीत आवाजात नको. मैत्रिणीला समजावताना जो जोर लावता तोच लावा. एलिस रुग्णांना आपला वाद टेप करायला सांगत आणि तो पुरेसा जोरकस आहे का ते ऐकून बघत.

तिसरा उपाय लोक काय म्हणतील या भीतीवरचा, आणि मला तो फार आवडतो. ऐन तारुण्यात एलिस मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी जाऊन बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी ते बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि त्यांची भीती गेली. पुढे ते रुग्णांना भुयारी रेल्वेत स्टेशनची नावं मोठ्याने पुकारायला सांगत. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात जाऊन "काका, तुमच्याकडे पैठणी आहे का?" असं गंभीरपणे विचारून बघा. लोक हसतील, दोन मिनिटांत विसरतील. दुसऱ्याला त्रास होईल किंवा नोकरीवर गदा येईल असं मात्र काही करायचं नाही.

वही हाताने लिहिलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर लिहायला घेतलं की वरून मेसेजची पट्टी येते आणि ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं त्याच प्रसंगात आपण परत जाऊन पडतो. वही घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर नावांच्या जागी खुणा घाला. रोज लिहायला काही नसलं तर लिहू नका. आठवड्याला दोन-तीन पानं नीट लिहिली तरी चालतात.

जिथे वही पुरत नाही

ही पद्धत 'सहन करा' असं सांगत नाही, हे मला जोर देऊन सांगायचं आहे. घरात मारहाण होत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, कामाच्या ठिकाणी छळ होत असेल, तर बदलायची आहे ती घटना. तिथे 'माझीच समजूत चुकीची' असं लिहीत बसणं धोक्याचं आहे. जवळचं माणूस गेल्यावर होणारं दुःख हेही चुकीच्या समजुतीतून येत नाही. त्याला वाद नको, सोबत आणि वेळ लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहणं, भूक-झोप बिघडणं, आवडीच्या गोष्टींतून मन उठणं, असं असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. मनोविकाराची औषधं सुरू असतील तर वही जमायला लागली म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचलं नाही तर "मला बरं वाटत नाहीये, कुणाशी तरी बोलायचंय" एवढं म्हटलं तरी पुरतं.

समुपदेशकाकडे जाल तेव्हा वही सोबत न्या. पहिल्या भेटीत सगळं आठवून सांगताना गोंधळ उडतो. तीन रकान्यांची पाच-सहा पानं समोर ठेवली की कुठला हट्ट पुन्हा पुन्हा येतो ते त्यांना लगेच दिसतं, आणि बोलणं तिथूनच सुरू करता येतं.